पॅटर्न मिस्त्रीच्या टेबलावर १९३२ ची फोर्ड : हॉट रॉड मॉडेल किट कसं आहे?

बॉक्स उघडला की लोक आधी गाडीची बॉडी हातात घेतात. मी इंजिन शोधलं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सव्वीस वर्षं पॅटर्न मेकिंग करतोय, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून पडतो तो नमुना बनवतो. पंपाच्या बॉड्या, गिअरबॉक्सची कव्हरं, ट्रॅक्टरची हाउसिंगं. आधी सगळं सागवानात व्हायचं, आता जास्त करून ॲल्युमिनियममध्ये. फौंड्रीत जे काही ओतलं जातं, ते आधी आमच्या टेबलावर तयार होतं. त्यामुळं कुठलीही वस्तू हातात आली की ती कुठं जुळलीय, साच्यातून कुठल्या दिशेनं निघालीय, हे माझं बोट आधी बघतं.

किट आहे १९३२ च्या फोर्ड पाच-खिडकी कूपेचं, म्हणजे दोन दारांच्या बंद गाडीचं, १:२५ मापाचं, एका जुन्या अमेरिकन कंपनीचं. ऑनलाइन मागवलं, चार हजार दोनशेला पडलं, यायला तीन आठवडे लागले. बॉक्सचा एक कोपरा चेपला होता, पण आत काही तुटलं नव्हतं. पांढऱ्या प्लास्टिकच्या सहा फ्रेमा, एक क्रोमची, एक काचेची, चार रबरी टायर आणि डीकॅलचा, म्हणजे गाडीवर चिकटवायच्या छापील चित्रांचा, एक कागद. गाडी दोन प्रकारे बांधता येते : कंपनीतून निघाली तशी मडगार्डसकट, किंवा हॉट रॉड. मी हॉट रॉडसाठीच घेतलं होतं.

हॉट रॉड म्हणजे काय हे आमच्या शॉपमध्येही मला चारदा सांगावं लागलं, म्हणून इथंही थोडक्यात सांगतो. दक्षिण कॅलिफोर्नियात म्युरॉक, एल मिराज अशी कोरड्या तळ्यांची सपाट मैदानं आहेत. तिथली पोरं १९३० च्या दशकापासून जुन्या स्वस्त फोर्ड गाड्या घ्यायची, मडगार्ड-बंपर काढून वजन उतरवायची, छप्पर कापून बुटकं करायची, इंजिनात हात घालायची आणि त्या मैदानांवर पळवायची. १९३७ मध्ये तिथल्या क्लबांनी मिळून रीतसर संघटना काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतलेली, यंत्रांत हात बसलेली पोरं यात उतरली आणि नाद देशभर पसरला. या सगळ्यात १९३२ च्या मॉडेलला वेगळा मान. वजनाला हलकी, दिसायला देखणी आणि इंजिन व्ही-एट, म्हणजे व्ही आकारात चार-चारच्या दोन ओळींचं आठ सिलिंडरचं. पत्त्यातल्या दुर्रीला तिकडं ‘ड्यूस’ म्हणतात, वर्षाच्या शेवटी दोन म्हणून गाडीचंही नाव ड्यूस पडलं.

आता इंजिन. त्याच्यासाठीच मी हे लिहायला बसलोय.

फोर्डनं १९३२ मध्ये हे फ्लॅटहेड व्ही-एट आणलं. २२१ घन इंच, म्हणजे साधारण ३.६ लिटर, ६५ हॉर्सपॉवर. आकडे आज मोठे वाटणार नाहीत. पण ओतकामवाल्यानं ब्लॉककडं बघावं. त्याआधी व्ही-एट असायची ती महागड्या गाड्यांत, आणि बऱ्याचदा सिलिंडरचे ब्लॉक वेगळे ओतून क्रॅंककेसवर बोल्टनं बसवलेले असायचे. फोर्डनं दोन्ही बाजूंचे चार-चार सिलिंडर आणि क्रॅंककेस एकाच ओतकामात काढलं, तेही सर्वसामान्यांच्या गाडीसाठी, हजारोंच्या संख्येनं. ज्यानं कधी कोअर बॉक्स, म्हणजे ओतकामात आतली पोकळी ठेवणाऱ्या रेतीच्या गाभ्याचा (कोअरचा) साचा, केलाय त्यालाच कळेल हे काय काम आहे. आठ सिलिंडर, त्यांच्याभोवती पाण्याची जागा आणि त्या पाण्यातून आरपार जाणारे एक्झॉस्टचे रस्ते. एवढ्या रेतीच्या कोअर एकमेकींत बसवायच्या आणि वर लोखंड ओतायचं. एक कोअर दोन मिलिमीटर सरकली की भिंत पातळ आणि ब्लॉक भंगारात. सुरुवातीला भरपूर ब्लॉक असे गेलेच. आज आमच्याकडं दोन-तीन कोअरचं हाउसिंग आलं तरी पहिला नमुना पास होईपर्यंत मला धड झोप लागत नाही.

या इंजिनाचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, ब्लॉकमध्येच आहेत. म्हणून हेड म्हणजे सपाट झाकण आणि म्हणून नाव फ्लॅटहेड. व्हॉल्व्ह दोन्ही ओळींच्या मधल्या बाजूला, त्यामुळं जळलेला वायू बाहेर पडायला ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या जागेतून फिरून येतो. इंजिन तापायचं ते यामुळंच. शिवाय प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरना मिळून एकच दार. सिलिंडर चार आणि एक्झॉस्टची तोंडं तीन.

किटचा ब्लॉक हातात घेऊन मी हेच पहिलं मोजलं. तोंडं तीनच आहेत, मधलं रुंद. डाय करणाऱ्यानं खरं इंजिन समोर ठेवून काम केलंय. मग हेडवरचे नट मोजले. एका हेडवर चोवीस. १९३२ च्या इंजिनाला एकवीस असायचे आणि पाण्याचे पंप हेडच्या पुढच्या टोकाला. पंप ब्लॉकवर आले १९३७ ला, चोवीस स्टडचं (नट बसतात त्या खुंट्यांचं) हेड त्यानंतर. किटमध्येही पंप ब्लॉकवरच आहेत. म्हणजे इंजिन १९३२ चं नाही, किमान पाच-सहा वर्षं नंतरचं. मला ही चूक वाटत नाही. पोरं भंगारातून नवं इंजिन आणून जुन्या गाडीत बसवायचीच, हॉट रॉडला हेच शोभतं. वर दोन कार्ब्युरेटर आहेत, स्ट्रॉमबर्ग ९७ घाटाचे. तो ९७ आकडा गळ्याच्या मापाचा, ०.९७ इंच. हेडवर ॲल्युमिनियमच्या फिन आहेत, आणि त्या फिनांना मुळाशी जाड, टोकाला पातळ असा योग्य उतार आहे. आमच्या भाषेत ड्राफ्ट. खऱ्या ओतकामात तो असतोच. खेळण्यात कुणी एवढं बघत नाही, इथं बघितलंय.

व्हर्नियर लावून चाकांमधलं अंतरही तपासलं. खऱ्या गाडीचं १०६ इंच, म्हणजे २६९२ मिलिमीटर. त्याला पंचवीसनं भागलं तर १०७.७. माझ्या मापात १०७.५ आलं. रोज श्रिंकेजची पट्टी (धातू थंड होताना आकसतो ते धरून वाढीव आखलेली) वापरणाऱ्या माणसाला हे माप पुरेसं बोलतं.

बॉडीबद्दल मात्र एवढं चांगलं सांगता येत नाही. साचा जुना आहे आणि झिजलाय. दाराच्या पुढच्या कडेनं खालपर्यंत पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात ती रेघ, जाते आणि तिथं दोन अर्धांमध्ये केसभर मिसमॅच आहे. रंगाखाली तो लपत नाही, उलट वर येतो. छपराच्या आतून इजेक्टर पिनांचे, म्हणजे साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या दांड्यांचे, पाच गोल ठसे आहेत. खिडकीतून दोन दिसतात, तेवढे भरले, बाकीचे सोडले. मागच्या डिकीवर हलकासा खड्डा आहे, तिथं आतून प्लास्टिक जाड असणार, थंड होताना बसलं. एका ॲक्सलवर फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून बाहेर आलेलं पातळ प्लास्टिक, इतका की त्याचा आकार शोधावा लागला. हे सगळं आमच्या फेटलिंगवाल्यांचं, म्हणजे ओतकाम घासून साफ करणाऱ्यांचं, रोजचं काम असल्यानं मला जड गेलं नाही. बारीक कानस, ४०० चा वॉटर पेपर, लांबी, परत ८००. पण पहिल्यांदाच किट बांधणाऱ्यानं बॉडीसाठी दोन रविवार जास्तीचे धरावेत.

सूचनांचा कागद कमकुवत आहे. चित्रं छोटी, बाण कुठं टेकतो ते दिसत नाही, आणि डिस्ट्रिब्युटरच्या (सिलिंडरांना ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाच्या) वायरींचा तर उल्लेखच नाही. त्या मी स्वतः ओढल्या. उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगवाल्याकडं ३२ गेजच्या तारेचा तुकडा मागितला. ती तार पाव मिलिमीटरहून किंचित जाड असते, आणि खऱ्या सात मिलिमीटरच्या वायरीला पंचवीसनं भागलं की तेवढीच येते. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-५-४-८-६-३-७-२. एवढ्या लहान टोपीत आठ भोकं पाडायला मला अख्खी संध्याकाळ लागली. ०.३ चं ड्रिल बोटांत फिरवायचं, दाबायचं नाही, भुसा फुंकायचा, परत फिरवायचं. सहाव्या भोकाला ड्रिल मोडलं आणि टोक आतच राहिलं. ते तसंच ठेवून त्यावर तार चिकटवली. आता कळत नाही, पण मला माहीत आहे सहावी कुठली ती.

चिकटवण्याबद्दल एक सांगतो, किटच्या कागदावर हेही नाही. क्रोमवर प्लास्टिकचा सोल्यूशन धरत नाही. जोडाच्या जागचं क्रोम ब्लेडनं खरवडून पांढरं प्लास्टिक दिसू द्यायचं, मगच जोडायचं. काचांना सोल्यूशन किंवा झटपट चिकटणारं काही लावायचं नाही, धुकं धरतं. काचा मी फेव्हिकॉलनं बसवल्या, वाळला की दिसत नाही. आणि हे मऊ रबरी टायर वर्षानुवर्षं प्लास्टिकच्या रिमला टेकून राहिले तर रिम खातात. रबरातला तेलकट भाग प्लास्टिकमध्ये उतरतो. म्हणून रिमच्या कडेवर ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी लावून मग टायर चढवले.

ग्रिलविषयी आधीच लिहायला हवं होतं. १९३२ च्या गाडीचा चेहरा म्हणजे तिची ग्रिल, आणि किटमध्ये ती सुंदर आलीय. उभ्या दांड्या बारीक आणि मोकळ्या. क्रोमवर काळ्या रंगाचं पातळ पाणी सोडलं, वरून पुसलं, आणि दांड्यांच्या मधली पोकळी दिसायला लागली. पाच मिनिटांचं काम, पण गाडीचं तोंडच बदललं.

रंग कुठला द्यायचा यावर घरात बरीच चर्चा झाली. लहानपणी वडील दसरा चौकात खांद्यावर बसवून शाही मिरवणूक दाखवायचे. त्यात छत्रपतींची भगवी मेबॅक मोटार यायची. जुन्या गाड्यांचं वेड मला तिथून लागलं. म्हणून बायकोला वाटत होतं मी भगवाच देणार. पण तो रंग त्या गाडीचा आहे, दुसऱ्या गाडीला देणं मला बरं वाटेना. शेवटी रेड ऑक्साइड, म्हणजे लोखंडाला मारतात तो लालसर तपकिरी अस्तराचा रंग, ठरला. हॉट रॉडवाल्या पोरांचे पैसे इंजिनात जायचे, वरच्या रंगाला उरायचे नाहीत, म्हणून कित्येक गाड्या नुसत्या अस्तरावर धावायच्या. आणि आमच्याकडं कास्टिंग टेंपोत चढतं ते रेड ऑक्साइडचा हात मारूनच. हा रंग मला रोज दिसतो.

डब्यातला रेड ऑक्साइड मात्र मॉडेलवर चालत नाही. दळ जाड, दाराची रेघ बुजते. मी आइस्क्रीमच्या प्लास्टिक चमच्यांवर आधी सगळं करून बघतो, तिथंच ते समजलं. ही सवय लागायला एक मडगार्ड गेलं. शॉपमधल्या एनसी थिनरनं ते पुसायला गेलो आणि डोळ्यांदेखत पृष्ठभाग जाळीसारखा तडकला. हॉट रॉडला मडगार्ड लागत नाही म्हणून निभावलं. पण एनसी थिनर या प्लास्टिकजवळ आणू नका. मग राखाडी प्लास्टिक प्रायमर मारला, त्यावर ॲक्रिलिक तपकिरी आणि लाल मिसळून ०.३ च्या एअरब्रशनं तीन पातळ हात दिले. रंग जुळवायला समोर एक रंगवलेलं कास्टिंगच ठेवलं होतं. तंतोतंत जुळवला तर एवढ्या लहान गाडीवर तो गडद दिसायला लागला, म्हणून पिवळसर पांढऱ्याचे चार थेंब टाकले.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. प्रायमरचा डबा मी जुलैमध्ये मारला. बाहेर पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली, घरातल्या भिंतींना ओल. पाच मिनिटांत छपरावर पांढुरकी झाक आली. थिनर उडताना पृष्ठभाग गार करतो आणि हवेतलं पाणी त्यावर धरतं. १२०० नं घासलं आणि शॉपवर कोअर वाळवायला असते तशी एक लाकडी पेटी केली. आत ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब, वर हवा जायला भोकं, थर्मामीटरवर चाळीस अंश. त्याच्या फार वर जायचं नाही, प्लास्टिक वाकतं. रंगाच्या आधी अर्धा तास आणि नंतर रात्रभर गाडी त्या पेटीत. त्यानंतर सगळ्या पावसाळ्यात झाक आली नाही. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर काम करायचं असेल तर किटच्या पैशांत अशी पेटी धरूनच चला.

किटमधल्या डीकॅलवर ज्वाळा आहेत, पिवळ्या-केशरी. अस्तराच्या रंगावर त्या शोभल्या नसत्या. मला बॉनेटवर फक्त दोन बारीक रेघा हव्या होत्या, हातानं ओढलेल्या. अमेरिकेत या कामाला पिनस्ट्रायपिंग म्हणतात आणि त्यासाठी लांब केसांचा ब्रश वापरतात. माझा हात पटाशीचा आहे, ब्रशचा नाही. म्हणून अनंत चतुर्दशी झाल्यावर, लोकांची गडबड संपल्यावर, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आमच्या ओळखीच्या काकूंकडं गेलो. चाळीस वर्षं त्या गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतात.

“काकू, ह्याच्यावर दोन रेघा वडून पायजेत. क्रीम रंगाच्या.”

त्यांनी बॉडी तळहातावर घेतली, खिडकीकडं धरून फिरवली. “केवढी ओ ही गाडी! उंदीरमामाला केली काय?” आणि मग गंभीर होऊन, “डोळं कुठं हायत हिचं?”

हेडलाइट अजून लावले नव्हते. मी खिशातल्या डबीतून काढून दाखवले. त्यांनी ते जागेवर टेकवून बघितले, रेघ कुठून निघून कुठं संपवायची ते ठरवलं आणि परत दिले.

रंग त्यांनी फरशीच्या तुकड्यावर दुधाइतका पातळ केला. ब्रशला केस असतील दहा-बारा, पण बोटाच्या पेरापेक्षा लांब. तो रंगात झोपवला, फरशीवर दोनदा ओढून टोक केलं. करंगळी बॉनेटच्या कडेला टेकवली. मग हात हलला नाही, कोपरापासून अख्खा दंड मागं आला, आणि रेघ ग्रिलपासून काचेपर्यंत एका दमात उतरली. मध्ये ब्रश उचलला नाही. मी श्वास धरून बसलो होतो, त्यांनीही धरला असावा, कारण रेघ संपल्यावर दोघांनी एकदमच सोडला. दुसरी रेघ पहिलीपासून दीड मिलिमीटरवर. घरी येऊन व्हर्नियर लावला. पुढं दीड, मागं दीड. पैसे घेतले नाहीत. “पुढच्या वर्षी आमचा एक साचा फुटलाय तेवढा बघून द्या,” म्हणाल्या. फायबरचा साचा आहे, मी आणून ठेवलाय.

तर घ्यावं का हे किट? आधी एखादं सोपं मॉडेल बांधलं असेल आणि घासायचा कंटाळा नसेल, तर नक्की घ्या. इंजिन, ग्रिल आणि पुढचा ॲक्सल यांसाठी मी पाचपैकी पाच देईन, बॉडीला तीन, सूचनांच्या कागदाला एक. पूर्ण नवख्या माणसानं, किंवा दहा-बारा वर्षांच्या पोरासाठी घेणाऱ्यानं, न चिकटवता बसणारं एखादं किट आधी घ्यावं. नाहीतर पार्टिंग लाइन घासतानाच मन उडेल आणि इंजिनापर्यंत पोहोचणारच नाही. रंग, ब्रश, पेपर धरून मला एकूण साडेसहा हजार खर्च आला, एअरब्रश आणि कॉम्प्रेसर सोडून. जून ते दसरा, बहुतेक सगळे रविवार लागले.

गाडी आता शॉपमध्ये माझ्या टेबलामागच्या फडताळावर आहे, बॉनेट काढून ठेवलेलं, इंजिन दिसावं म्हणून. फौंड्रीतला मोल्डर पॅटर्न न्यायला आला की आधी तिथं वाकतो. परवा एकानं विचारलं, “मिस्त्री, ह्याला कोअर किती लागल्या असतील?” आम्ही दोघं खडू घेऊन टेबलावर काढत बसलो, पाण्याच्या जागेची एक, एक्झॉस्टच्या वेगळ्या, सिलिंडरच्या वेगळ्या. चहा गार झाला. त्यानं टेंपो उभा करून ठेवला होता, मालकाचा फोन आला तेव्हा तो उठला. खडूचं चित्र मी अजून पुसलेलं नाही.

किटमधले तीन मडगार्ड, दोन्ही बंपर, कंपनीतल्यासारखं साधं हेड आणि ज्वाळांचं डीकॅल माझ्याकडं तसंच पडून आहे. कोल्हापुरात कुणी याच मापाची फोर्ड बांधत असेल आणि उपयोग होणार असेल तर घेऊन जावं. मागचं डावं मडगार्ड तेवढं नाही, ते थिनरमध्ये गेलं.